बाळंतिणीचा काच

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात, उल्हासनगर कॅम्प २ येथे केलेले भाषण)



चिटणीसांनी माझ्याकडे विषय मागितला तेव्हा मी कागदावर ‘बाळंतिणीच्या त्वचेची निगा’ असे लिहून दिले. त्यांनी तो वाचून चष्मा काढला आणि विचारले, “गुरुजी, हा विषय एखाद्या भगिनीने घ्यावा, असे नाही वाटत?” त्यांचा प्रश्न गैर नव्हता. मी काही वैद्य नव्हे. जुन्या मॅट्रिकपर्यंत शिकलेला आणि उभा जन्म खडू-फळ्यापाशी घालविलेला मनुष्य. परंतु गेल्या वैशाखात माझ्या घरी जे घडले त्यात चुकीचा मोठा वाटा माझा होता. ज्याने चूक केली त्यानेच ती सांगावी, म्हणून मी विषय बदलला नाही.

माझी कन्या पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली होती. बाळ-बाळंतीण दवाखान्यातून सुखरूप घरी आली. आठव्या दिवसाच्या सुमारास मुलगी पलंगाच्या कडेवर तिरपी बसू लागली. चालताना पाऊल जपून, पाय दूर ठेवून टाकू लागली. विचारले तर “काही नाही, बाबा” एवढेच उत्तर. तिच्या आईस वाटले, टाके दुखत असतील. पुढे एके दिवशी मायलेकींचे काही कुजबुजणे झाले आणि माझ्या हाती चिठ्ठी आली: ‘खाजेचे मलम’. मी औषधांच्या दुकानात गेलो. तेथे गिऱ्हाइके उभी होती, म्हणून हलक्या आवाजात “पुरळ आले आहे” इतकेच म्हणालो. कोणास, कोठे, कशामुळे, यांतील एक शब्द तोंडून फुटला नाही. दुकानदाराने नायट्यावर चालते ते मलम पुढे केले. दोन दिवस आराम वाटला. मग अशी आग सुरू झाली की, मुलीला बसून बाळास पाजवेना.

अखेर दवाखाना गाठला. डॉक्टरीणबाईंनी तपासून सांगितले की टाके उत्तम आहेत. हा सारा प्रताप पॅडचा, घामाचा आणि वर चोळलेल्या स्टिरॉइडच्या मलमाचा. अशी मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीवाचून देता कामा नयेत, हे दुकानदारास ठाऊक असावयास हवे होते. पण मी तरी त्याला खरे काय ते कोठे सांगितले होते? घरी येताना मुलीला विचारले, “आधी का नाही सांगितलेस?” ती म्हणाली, “घरात इतकी माणसे, बाबा. कोणाला आणि कधी सांगू?”

बाईंनी जे समजावून दिले ते थोडक्यात असे. प्रसूतीनंतरचा स्राव मासिक पाळीसारखा चार-पाच दिवसांत थांबत नाही. पहिले तीन-चार दिवस तो लाल असतो, नंतर दहाव्या दिवसापर्यंत गुलाबी वा तपकिरी, आणि पुढे पिवळसर-पांढरा होत चार ते सहा आठवडे चालू राहतो. तेवढा सर्व काळ पॅड अंगास लागून असते. या वस्तूचा जन्मही मोठा चमत्कारिक आहे. पहिल्या महायुद्धात लाकडाच्या लगद्यापासून केलेला कापूस जखमा बांधण्यास वापरीत. रक्त शोषण्याचा त्याचा गुण पाहून परिचारिकांनी तो स्वतःसाठीही वापरला, आणि युद्ध संपल्यावर १९२० साली अमेरिकेत तो ‘कोटेक्स’ या नावाने बाजारात आला. वस्तू गुणाची आहे, यात शंका नाही. परंतु तिच्या पाठीस प्लास्टिक असते, त्यामुळे वारा लागत नाही. ओलाव्याने कातडी मऊ पडते आणि मऊ कातडीवर पॅडची कड घासली की ती सोलवटते. काहींना कडेचा गोंद सोसत नाही, काहींना सुवास. सुगंधी पाकीट आमच्या घरी मीच आणले होते; महाग ते चांगले, अशी माझी समजूत! त्यात वैशाखाचा उकाडा, लावून घेतलेल्या खिडक्या आणि शेकशेगडी.

आता उपाय. पॅड भरो वा न भरो, दर तीन-चार तासांनी बदलावे आणि बदलण्यापूर्वी व नंतर हात साबणाने धुवावेत. प्रत्येक वेळी कोमट पाण्याने पुढून मागे धुऊन मऊ फडक्याने टिपून घ्यावे. पुसू अथवा घासू नये. तेथे साबण, जंतुनाशकाचे पाणी किंवा पावडर यांचे काम नाही. पॅड बिनवासाचे व सुती आवरणाचे असावे, आतील वस्त्र सैल व सुती असावे. आग होत असल्यास स्वच्छ फडके गार पाण्यात पिळून दहा मिनिटे ठेवावे. बर्फ उघडा लावू नये. स्वच्छ टबात कोमट पाणी घेऊन दहा-पंधरा मिनिटे बसल्यानेही आराम पडतो. जांघेत व मांडीस जेथे काचते तेथे झिंक ऑक्साइडचे मलम किंवा पेट्रोलियम जेली पातळ लावावी. टाक्यांवर व आतील भागास लावू नये. सोललेल्या कातडीवर हळदीचे वा पाल्याचे प्रयोग तर मुळीच नकोत.

आमच्या मंडळींनी बाईंना विचारले, “आमच्या वेळी लुगड्याचे जुनेर असे. तेव्हा असे काही ऐकले नव्हते.” बाई हसल्या व म्हणाल्या, जुनेर मऊ असते, ते वाईट नव्हे, वाईट ते अडगळीत, कोणाच्या दृष्टीस पडू नये म्हणून ओलसर वाळविणे. साबणाने धुऊन कडक उन्हात वाळविलेले सुती जुनेर आजही चालेल. ऐकले नव्हते याचे कारण कदाचित निराळेच असेल, असे मला वाटते.

सर्वांत गुणकारी उपाय मात्र सर्वांत अवघड निघाला. दिवसातून दोन-तीन वेळा पॅड काढून, खाली स्वच्छ कापड अंथरून, पंधरा-वीस मिनिटे अंगास वारा लागू द्यावा, असे बाईंनी सांगितले. आमचे घर दोन खोल्यांचे. आपणांपैकी पुष्कळांची घरे तशीच आहेत. मग ठरविले की, सकाळी दहा व दुपारी चार वाजता मी आणि चिरंजीवांनी बाहेर जाऊन बसावे, आतून हाक येईपर्यंत दार वाजवू नये. शेजारी विचारीत, “गुरुजी, उन्हात का बसलात?” पाच-सहा दिवसांत मुलगी सरळ बसून बाळास पाजू लागली.

काही लक्षणांत मात्र घरी थांबू नये. १००.४ अंशांवर ताप, स्रावास दुर्गंधी, तासाभरात एक पॅड चिंब होणे, मोठ्या गाठी पडणे, टाक्यांतून पू, अंगावर फोड, किंवा दोन दिवसांत उतार न पडणे, असे काही दिसल्यास तत्काळ डॉक्टर गाठावा. दवाखान्यात प्रसूती झाली असल्यास आशाताईंच्या घरभेटी ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ या दिवशी ठरलेल्या असतात. त्या बाळाचे वजन करून निघाल्या की आपण दार लावतो. त्या वेळी बाळंतिणीस त्यांच्याशी चार शब्द एकटीने बोलू द्यावे.

बाईंनी सांगितलेले सर्व मी एका कागदावर सुवाच्य अक्षरांत उतरून, त्यांच्या नजरेखालून घालून, चिटणीसांकडे दिले आहे. ज्यांच्या घरी बाळंतपण असेल त्यांनी तो मागून न्यावा. पुरुषांनी मागितला तरी चालेल. चिटणीस चष्मा काढणार नाहीत, असे त्यांनी मला कबूल केले आहे.