लग्नाचे फोटो : हौस आणि पुरावा

(बुलढाणा येथे महिला गटांच्या कार्यकर्त्यांपुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



आज मी लग्नाच्या फोटोंबद्दल बोलणार आहे. विषय ऐकून काही जणी हसल्या. हुंडा, पोटगी, दारू सोडून फोटो कशाला, असं वाटणं साहजिक आहे. पण आपल्या सल्ला केंद्रात आलेल्या बाईला आपण पहिल्यांदा काय विचारतो? "लग्नाचा काही पुरावा आहे का?" नोंदणी झालेली नसते, पत्रिका सापडत नाही. मग ती म्हणते, "फोटो काढले होते ताई, पण अल्बम सासरीच राहिला."

फोटो काढायच्या तऱ्हा कशा बदलल्या ते आठवा. आपल्या आयांचा बहुधा एकच फोटो. तालुक्याच्या स्टुडिओत, नवरा खुर्चीवर, बायको बाजूला उभी, मागे रंगवलेला पडदा. मग रिळाचा कॅमेरा आला. एका रिळात छत्तीस फोटो, म्हणून फोटोग्राफर मोजूनमापून काढायचा : हळद, हार, मंगळसूत्र आणि पुढे आहेर देणाऱ्यांची रांग. त्यानंतर व्हिडिओ शूटिंग. डोळे दिपवणारा लाइट आणि आंदणाच्या कपाट-पलंग-भांड्यांवरून सावकाश फिरणारा कॅमेरा. आता कँडिड, ड्रोन आणि लग्नाआधीचं प्री-वेडिंग.

या प्रत्येक तऱ्हेत बाई कशी दिसते, आणि कोण दिसतच नाही, ते बघा. नवरीने मान खाली घालायची, फोटोग्राफर सांगेल तेव्हा हसायचं. कँडिडमध्येसुद्धा "ताई, पुन्हा एकदा आईच्या गळ्यात पडा" असं सांगून रडवतात. आणि विधवा आई? लेकीचं लग्न तिने मोलमजुरी करून लावलेलं असतं, पण विधीच्या फोटोत काका-काकू. 2022 साली कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि सरकारनेही तो कित्ता इतर ग्रामपंचायतींपुढे ठेवला. आपल्या गावात ठराव झाला की नाही, हे लग्नाच्या अल्बमवरून कळेल.

प्री-वेडिंगबद्दल सध्या बराच वाद आहे. काही समाजांच्या बैठकांत त्यावर बंदीची भाषा होते. खर्च मुलीच्या बापावर पडतो, हे खरंच आहे. पण होणाऱ्या नवऱ्याशी घरच्यांच्या संमतीने चार तास बोलायला मिळाले, ते या निमित्ताने, असं मला मुलींनीच सांगितलं आहे. बंदी घालणाऱ्या बैठकीत त्या मुली नसतात. त्यांना विचारायला हवं. आणि मुलींनाही सांगायला हवं की सोयरीक मोडली तर ते फोटो मुलाच्या मोबाइलमध्ये राहतात. फोटो कोणाकडे राहणार, हे आधी ठरवा.

आता पुराव्याकडे येते. 1965 साली सर्वोच्च न्यायालयात भाऊराव लोखंडे खटल्याचा निकाल लागला. खटला आपल्याच राज्यातला. पहिली बायको असताना त्याने दुसरं लग्न केलं आणि खालच्या कोर्टांनी त्याला दोषी धरलं होतं. सर्वोच्च न्यायालयात तो सुटला. का? तर दुसऱ्या लग्नात होम आणि सप्तपदी, किंवा त्याऐवजी चालणारी रूढी, सिद्ध झाली नाही. विधी सिद्ध नाही म्हणून लग्न नाही, लग्न नाही म्हणून गुन्हा नाही. 1955 च्या हिंदू विवाह कायद्यातही म्हटलं आहे की जिथे सप्तपदीची रीत आहे तिथे सातवं पाऊल पडलं की लग्न पूर्ण होतं.

आणि आपल्याकडे सप्तपदीच्या वेळी मांडवात कोण असतं? मंगलाष्टकं संपली, अक्षता पडल्या की सगळे पंगतीला. फोटोग्राफरही जेवायला. भटजी, नवरानवरी आणि दोन म्हाताऱ्या एवढेच उरतात. ज्या क्षणाला कायदा सर्वांत जास्त मोल देतो, त्याचाच फोटो नसतो. बौद्ध विवाहात हार घालणं आणि प्रतिज्ञा, हा आपापल्या रीतीतला मुख्य विधी. तो फोटोत नीट यायला हवा.

मेहकर तालुक्यातल्या एका बाईचं सांगते. नवऱ्याने दुसरी आणली आणि पोटगीच्या अर्जाला उत्तर दिलं, "ही आमच्याकडे कामाला होती." अल्बम त्याच्याच घरात. पण गावच्या लग्नाला आलेल्या फोटोग्राफरने निगेटिव्ह पाकिटात घालून, वर तारीख लिहून ठेवल्या होत्या. मंगळसूत्राचा आणि फेऱ्यांचा फोटो निघाला. तो साक्षीला आला. पोटगी मंजूर झाली. आता निगेटिव्ह नाहीत. कार्ड पुसून पुढच्या लग्नाला वापरतात. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 प्रमाणे कॉम्प्युटर-मोबाइलवरच्या फोटोची प्रत कोर्टात द्यायची तर प्रमाणपत्र लागतं. म्हणून मूळ फाइल जपायला हवी.

दुसरी बाजूही आहे. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रात 20 ते 24 वयाच्या बायकांपैकी 21.9 टक्के बायकांची लग्नं अठराच्या आत झाली होती. 2006 च्या बालविवाह प्रतिबंधक कायद्यात असं लग्न लावणाऱ्याला आणि त्याला साहाय्य करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड आहे. मंडपवाला, बँडवाला, फोटोग्राफर यांना ही माहिती तुम्ही द्या. तारीख त्यांना आपल्या आधी कळते. सुपारी घेतानाच वयाचा दाखला मागणारा फोटोग्राफर एक लग्न थांबवू शकतो. 1098 हा नंबर त्यांच्या दुकानात लावा.

तर कामं अशी. एक, गटातल्या प्रत्येक घरच्या लग्नात मुख्य विधीचा फोटो, भटजी किंवा विधी लावणाऱ्यासकट आणि दोन्हीकडच्या साक्षीदारांसकट, काढून घ्यायचा. दोन, फोटोंची एक प्रत लग्नाच्या आठवड्यातच माहेरी. तीन, आंदणाची यादी लिहून त्यावर दोन्हीकडच्या सह्या. फोटोत कपाट दिसतं, ते कोणी दिलं हे दिसत नाही. चार, नोंदणी. खेड्यात ती ग्रामपंचायतीत होते, तीन साक्षीदार लागतात. पण नुसत्या नोंदणीवर विसंबू नका. विधीच झाला नसेल तर नोंदणीने हिंदू विवाह सिद्ध होत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने 2024 साली सांगितलं आहे. दोन्ही हवं.

लग्नात हौस जरूर करा. फक्त येत्या लगनसराईत पंगत वाढली की आपल्यातली एक जण फोटोग्राफरला म्हणेल, "दादा, जेवण मागून. आधी सात पावलं होऊ द्या." एवढं जरी झालं, तरी पुढे सल्ला केंद्रात येणाऱ्या एखादीच्या हातात कागद असेल.