वारसाने आलेली बंदूक आणि मोडका दस्ता



रानडुकरं आणि वानरं यांच्यापासून पीक राखण्यासाठी कोकणात बऱ्याच घरांत शेतीसंरक्षणाची बंदूक असते. कुठे आजोबांची ठासणीची, कुठे वडिलांची बारा बोअरची काडतुसाची. नळीची काळजी सगळे घेतात. दस्त्याकडे मात्र कोणी बघत नाही. तो मोडला की तांब्याची तार गुंडाळायची, वर सायकलच्या ट्यूबची पट्टी ओढायची आणि बंदूक परत खुंटीला. असे बांधलेले दस्ते मी भेटीच्या वेळी बागांतून पुष्कळ पाहिले आहेत. आजचं बोलणं त्यांच्यासाठीच आहे.

बार उडतो तेव्हा त्याचा सगळा धक्का दस्त्यातून खांद्यावर येतो. दस्त्याचा सर्वांत बारीक भाग म्हणजे चापामागची मूठ. कळ बसवण्यासाठी तिथलं लाकूड आतून कोरलेलं असतं, म्हणून बहुधा दस्ता तिथेच मोडतो. तार बांधलेली मूठ दहा बार टिकेल आणि अकराव्याला सुटेल. त्या क्षणी तुमचा गाल लाकडाला टेकलेला असतो आणि नळीचं तोंड कुणीकडे वळेल याचा नेम नसतो. शेजारी राखणीला तुमचाच मुलगा उभा असायचा.

आता आधी कागदाचं बघू. परवानाधारक वारला की बंदूक आपोआप मुलाची होत नाही. ती विनाविलंब पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे जमा करायची, पोच घ्यायची आणि वारसाने जिल्हादंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करायचा. इतर वारसांची संमती लागते, तेव्हा भावाभावांत आधीच बोलून ठेवा. 2016 च्या शस्त्र नियमांत आणखी एक सोय आहे. परवानाधारक सत्तर वर्षांचा झाला, किंवा त्याने बंदूक पंचवीस वर्षं बाळगली, तर तो हयातीतच वारसाचं नाव सुचवू शकतो. वडील हयात असतील तर हाच मार्ग बरा. परवाना हातात येईपर्यंत दस्त्याला हात लावू नका.

ठासणीची बंदूक असेल तर आणखी एक सावधगिरी. जुनी माणसं रात्रीच्या राखणीसाठी ती ठासून ठेवत, आणि पुष्कळदा ती तशीच राहून गेलेली असते. म्हणून भरलेली आहे असंच समजून वागा. जमा करताना पोलिसांना तसं सांगा. तपासायची रीत सोपी आहे. गज नळीत सोडून तोंडाशी खूण करतात, मग तोच गज बाहेरून नळीला लावून पाहतात. खूण नळीच्या तोंडाशी धरल्यावर गजाचं आतलं टोक आणि नळीचा बुडखा यांच्यात चार-पाच बोटांचा फरक आला तर आत ठासण आहे. ही तपासणी आणि रिकामी करण्याचं काम जाणकाराकडूनच करून घ्या.

दुरुस्ती कुणाकडून करायची? 1959 च्या शस्त्र अधिनियमाप्रमाणे बंदूक दुरुस्त करणं हा परवान्याचा धंदा आहे. सावंतवाडीचा कारागीर लाकडाचा कितीही जाणकार असला तरी त्याच्याकडे बंदूक टाकून येता येत नाही. परवानाधारक बंदूक-कारागिराकडे न्या, परवाना जवळ ठेवा, बंदूक रिकामी आणि काडतुसं वेगळी असू द्या. पोच लिहून घ्या.

काम कारागिराचं असलं तरी काय विचारायचं ते तुम्हाला ठाऊक हवं. लाकडाचे तंतू बघा. चीर तंतूंच्या बाजूने लांब गेली असेल, दोन्ही तुकडे शाबूत असतील आणि एकमेकांत नीट बसत असतील, तर जोड होतो. मोड आडवा असेल, लाकूड चुरडलेलं किंवा वाळवीने खाल्लेलं असेल, तर नवा दस्ताच घ्यावा.

जोडात खरा शत्रू तेल. वर्षानुवर्षं कळीत ओतलेलं तेल मुठीच्या लाकडात मुरतं, लाकूड काळं आणि मऊ पडतं. अशा लाकडाला कुठलाच डिंक धरत नाही. खडूची पूड स्पिरिटमध्ये कालवून तिचा लेप दिला की ती वाळताना तेल ओढून घेते. असे लेप पुन्हापुन्हा द्यावे लागतात. मगच दोन भाग मिसळून करायचा एपॉक्सी डिंक आणि आत आडवी खुंटी. सुताराचा पांढरा डिंक आणि खिळा हे बंदुकीचं काम नव्हे. खिळा गंजतो आणि चीर वाढवतो.

नवा दस्ता करायचा तर अक्रोड उत्तम, शिसवही चालतं. साग आपल्याकडे मुबलक, पण बंदुकीला तो तितकासा बरा नाही. तो चिरतो, आणि अंगच्या तेलामुळे डिंकाला दाद देत नाही. मुठीत तंतू लांबीच्या दिशेने धावले पाहिजेत, याबद्दल कारागिराशी आग्रह धरा. लोखंड लाकडात सगळीकडून सारखं टेकायला हवं. त्यासाठी लोखंडाला काजळी लावून ते दस्त्यात दाबतात आणि काळा डाग पडेल तेवढंच लाकूड तासतात. एका जागी टेकलं तर धक्का तिथेच बसतो आणि नवा दस्ताही फुटतो. दस्त्याची लांबीही तुमच्या हाताला बसवून घ्या. आजोबांच्या हाताची बंदूक नातवाला बसेलच असं नाही.

क्रमांक आणि छाप लोखंडावर असतात. त्यांना कानस किंवा घासपेपर लागू देऊ नका. परवान्यावरचा क्रमांक बंदुकीशी जुळला नाही तर नव्या दस्त्याचा काय उपयोग? जुना दस्ता फेकू नका, नमुना म्हणून उपयोगी पडतो.

बंदूक कारागिराकडे आहेच, तर नळीही दाखवा. नळीवर पाण्याच्या लाटांसारखी नक्षी असेल तर ती लोखंड-पोलादाच्या पट्ट्या पिळून केलेली जुनी नळी. ती काळ्या दारूच्या काळातली असते, आजच्या काडतुसांचा जोर तिला झेपेलच असं नाही. कित्येक जुन्या बारा बोअरच्या बंदुकींत काडतुसाचं घर अडीच इंचांचं असतं. पावणेतीन इंचांचं काडतूस त्यात शिरतं, पण उडताना त्याचं तोंड पुरतं उघडत नाही आणि दाब फार वाढतो.

दस्ता मोडू नये म्हणून काय करावं? स्क्रू ढिले राहू देऊ नका. बांध ओलांडताना बंदुकीची काठी करू नका, दस्त्याने साप मारू नका. लाकडाला वर्षातून दोनदा उकळलेल्या जवसाच्या तेलाचा पातळ हात द्या, पुसून कोरडा. यंत्राचं तेल कळीला थेंबभरच. तेल दिल्यावर रात्रभर बंदूक कुलुपातच, नळीचं तोंड खाली आणि दस्ता वर अशी कापडावर टेकवून ठेवा, म्हणजे जादा तेल मुठीत न उतरता नळीतून कापडावर येईल.