जगाचा गहू आणि भंडाऱ्याचे धान

भंडारा धानाचा जिल्हा. जगातल्या गव्हाची उठाठेव आपण कशाला करावी, असे कोणी विचारील. पण २०२२ च्या फेब्रुवारीत रशियाने युक्रेनवर स्वारी केली, काळ्या समुद्रातली जहाजे अडली, गव्हाचे भाव जगभर भडकले. आणि १३ मे रोजी दिल्लीने गव्हाची निर्यातच बंद केली. २० जुलै २०२३ ला तीच गत बिगर-बासमती पांढऱ्या तांदळाची, म्हणजे आपल्या धानाची झाली. ती बंदी सप्टेंबर २०२४ मध्ये उठली. गरिबाला अन्न स्वस्त हवे, हे मला मान्य. पण त्या स्वस्ताईचा भार एकट्या शेतकऱ्यावर का? तेव्हा परदेशचा भाव ऐकून हरखण्यापूर्वी सरकारी कोठारात भर किती, ते विचारा. २०२२ साली मार्चच्या उन्हाने उत्तरेचा गहू करपला, सरकारी खरेदी आदल्या वर्षाच्या निम्म्यावरही पोचेना. बंदीची चाहूल तिथेच होती.