थांबवलेली कीड आणि टिकणारं फिलिंग



दात किडला की तो कोरायचा आणि भरायचा, ही रीत आपल्या परिचयाची आहे. पण तीन वर्षांचं मूल ड्रिलच्या आवाजानेच तोंड मिटून घेतं आणि अंथरुणाला खिळलेल्या आजीला दवाखान्याच्या खुर्चीपर्यंत आणता येत नाही. अशांची कीड न कोरता, जागच्या जागी थांबवणारं औषध म्हणजे सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइड. जपानमध्ये ते गेली पन्नासहून अधिक वर्षं वापरात आहे. २०२१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने त्याला अत्यावश्यक औषधांच्या यादीत स्थान दिलं.

ते लावायचं कसं? ओठांना व्हॅसलीन लावतात, दाताभोवती कापूस ठेवून दात कोरडा करतात आणि बारीकशा ब्रशने ३८ टक्क्यांच्या द्रावणाचा थेंब किडीवर मिनिटभर चोळतात. त्यातली चांदी जंतू मारते, फ्लोराइड मऊ पडलेल्या भागाला पुन्हा कठीण करायला मदत करतं. काही दिवसांत कीड काळीभोर होते. दंतवैद्याची टोकदार सळी आधी जिथे रुतायची, तिथे ती आता घसरते. कीड थांबल्याची ही खूण.

पण खड्डा तसाच राहतो. त्यात अन्न अडकतं, म्हणून तो भरावा लागतो. चांदी बसलेल्या या पृष्ठभागावर फिलिंग धरेल का, हा आजचा माझा मुद्दा आहे.

उत्तर कशाने भरता यावर अवलंबून आहे. ग्लास आयोनोमर सिमेंट लंडनच्या विल्सन आणि केंट यांनी विकसित केलं. ते दातातल्या कॅल्शियमशी रासायनिक बंध जोडतं. कीड थांबलेल्या दातात कॅल्शियम असतंच, त्यामुळे बहुतेक प्रयोगांत या सिमेंटची पकड औषधामुळे फारशी कमी झालेली दिसत नाही. लहान मुलांच्या दाढांसाठी औषध आणि हे सिमेंट हीच जोडी मला सर्वांत भरवशाची वाटते.

दाताच्या रंगाचं कॉम्पोझिट मात्र वेगळ्या रीतीने चिकटतं. आम्ल लावल्याने दाताचा पृष्ठभाग खरबरीत होतो, डेंटिनमधल्या, म्हणजे दाताच्या आतल्या थरातल्या, सूक्ष्म नलिका उघडतात, त्यांत चिकटवणारं रेझिन झिरपतं आणि तिथेच घट्ट होतं. औषधातली चांदी नेमकी याच नलिकांमध्ये साचते, मग रेझिनला शिरायला जागा उरत नाही. औषध लावून ते न धुता लगेच कॉम्पोझिट भरलं, तर अनेक प्रयोगांत पकड घटलेली आढळली. पाण्याने नीट धुतल्यावर मात्र ती बऱ्याच अंशी सावरते. काळेपणा कमी करायला काही जण वरून पोटॅशियम आयोडाइड लावतात. त्याने पिवळसर पांढरा साका तयार होतो. तोही धुऊन काढायलाच हवा, नाहीतर पकडीत तोच आडवा येतो.

हे प्रयोग बहुतांशी काढलेल्या दातांवर, प्रयोगशाळेत झालेले आहेत. तोंडात लाळ असते, चावण्याचा दाब असतो. म्हणून माझा आग्रह असा, की खड्ड्याच्या तळाशी थांबलेली कीड राहू द्यावी, पण कडा निरोगी, स्वच्छ दातापर्यंत साफ करून घ्याव्यात. फिलिंगची खरी भिस्त या कडांवर असते. शक्य असेल तर औषध लावून काही आठवड्यांनी दात भरावा. तेवढ्यात कीड खरोखर थांबली की नाही, हेही कळतं.

रात्री आपोआप ठणकणाऱ्या दाताला हे औषध लावून भागत नाही, तिथे दाताच्या नसेचा उपचार करावा लागतो. चांदीची ॲलर्जी असलेल्यांनी ते टाळावं.

दंतवैद्य मित्रांना माझी विनंती आहे : औषध लावल्याची तारीख केसपेपरवर लिहा आणि भरण्यापूर्वी दात धुवा. आणि आईवडिलांनो, डॉक्टर बदललात तर नव्या डॉक्टरांना सांगा, की या दाढेला किडीचं काळं औषध लावलेलं आहे. त्या एका वाक्यावर कोणतं फिलिंग निवडायचं, हे ठरतं.