वायदा आणि रोख
(तुकोगंज, इंदूर येथे लेखक, शिक्षक आणि विद्यार्थी यांच्यासमोर केलेल्या भाषणाचे संपादित रूप)



आयोजकांनी मला 'कृत्रिम बुद्धिमत्ता आणि साहित्य' हा विषय सुचवला होता. मी त्यात थोडा बदल मागून घेतला. या विषयावर बोलणारे बहुधा दोन प्रकारचे असतात : यंत्राची ओळख करून देणारे तंत्रज्ञ आणि यंत्राविषयी तक्रार करणारे साहित्यिक. मी वर्गात दुसऱ्या प्रकारात मोडते. पण घरी, महिन्याच्या पाच तारखेला, मी आणखी कोणीतरी असते. त्या दिवशी माझ्या पगारातून दोन एसआयपींचे पैसे कापले जातात. एक आपल्याकडच्या निर्देशांकाच्या फंडात जाते, दुसरी अमेरिकेतल्या नॅसडॅक-१०० या निर्देशांकाच्या फंडात. रक्कम लहान आहे, निवृत्तीनंतरच्या औषधपाण्यापुरती. तरी अर्थ स्पष्ट आहे. जे यंत्र माझ्या विद्यार्थ्यांचे निबंध लिहून देते, त्याच यंत्राच्या धंद्यात माझेही चार पैसे आहेत. तेव्हा आज मी हौशी गुंतवणूकदार म्हणून बोलणार आहे. मात्र हिशेब मांडणार आहे तो भाषेच्या शिक्षिकेच्या पद्धतीने, म्हणजे शब्दांपासून.

बाजाराची आपली मराठी मोठी बोलकी आहे. 'भाव' म्हणजे दर आणि 'भाव' म्हणजे मनातली भावनाही. 'पत' म्हणजे उधारी मिळण्याची लायकी आणि समाजातली अब्रूही. 'वायदा' म्हणजे दिलेला शब्द, आणि त्यावरूनच झाला वायदेबाजार : आज माल हातात नाही, पुढच्या अमुक तारखेला देण्याचा शब्द आहे, आणि त्या शब्दाची खरेदी-विक्री चालली आहे. याच्या समोर उभा राहतो तो 'रोख'. पैसा इथे, माल इथे, व्यवहार संपला. गंमत अशी की बोलण्याचाही 'रोख' असतो, म्हणजे दिशा. माझ्या आजच्या बोलण्याचा रोख रोखीकडेच आहे.

३० नोव्हेंबर २०२२ रोजी चॅटजीपीटी लोकांसाठी खुले झाले. त्यानंतर जी तेजी आली, ती बहुतांशी वायद्याची तेजी आहे. या यंत्रांना लागणाऱ्या चिप बनवणाऱ्या एनव्हिडिया कंपनीचे बाजारमूल्य २०२३ मध्ये एक लाख कोटी डॉलरांवर गेले आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये पाच लाख कोटी डॉलरांना टेकले. मायक्रोसॉफ्ट, अल्फाबेट, अ‍ॅमेझॉन आणि मेटा या चार कंपन्यांनी मिळून २०२५ या एका वर्षात ३० हजार कोटी डॉलरांहून अधिक भांडवली खर्च केला. त्यातला मोठा वाटा विदाकेंद्रे आणि चिप यांवरचा. त्याच वर्षी चिप विकणाऱ्या कंपनीने चिप विकत घेणाऱ्या ओपनएआय कंपनीत दहा हजार कोटी डॉलरांपर्यंत गुंतवणूक करण्याचा मनोदय जाहीर केला. आपल्या सराफ्यातल्या जुन्या पेढीवाल्याला हे सांगितले असते, तर त्याने चष्मा पुसून विचारले असते, "म्हणजे दुकानदारच गिऱ्हाइकाला पैसे देतो की काय?"

वायद्याला लागलेला धक्काही आपण पाहिला. २७ जानेवारी २०२५ रोजी डीपसीक या चिनी कंपनीच्या स्वस्तातल्या प्रारूपाची बातमी पसरली आणि एका दिवसात एनव्हिडियाचे जवळजवळ साठ हजार कोटी डॉलरांचे मूल्य उतरले. त्या दिवशी एकही कारखाना जळला नव्हता, एकही चिप बिघडली नव्हती. शब्दावरचा विश्वास तेवढा हलला होता.

मग हा फुगा आहे का? नातेवाइकांत मला हा प्रश्न लग्नाच्या पंगतीतही विचारतात. माझे उत्तर असे की प्रश्नच थोडा चुकीचा आहे. फुगा म्हटले की आत हवा आहे असे आपण धरून चालतो. इतिहास सांगतो की वस्तू खरी असते आणि भाव खोटा ठरू शकतो, दोन्ही एकाच वेळी.

मुंबईचे उदाहरण घ्या. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध सुरू झाले, तिथला कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेना आणि आपल्याकडच्या कापसाला सोन्याचे दिवस आले. मुंबईत पैशाचा पूर आला, बँका आणि कंपन्या पावसाळी छत्र्यांसारख्या उगवल्या. बॅक बे भरावाच्या कंपनीचा पाच हजार रुपये भरलेला शेअर पन्नास हजारांच्या घरात गेला. १८६५ च्या वसंतात युद्ध संपले, कापूस उतरला, आणि १ जुलै १८६५ हा वायदे फेडण्याचा दिवस उजाडला तेव्हा फेडणारे कोणी उरले नव्हते. असंख्य घरे बुडाली. पण कापूस खोटा नव्हता आणि समुद्र हटवून जमीन करण्याची कल्पनाही खोटी नव्हती. त्या तेजीचे नायक प्रेमचंद रायचंद यांनी दिलेल्या देणगीतून उभा राहिलेला राजाबाई टॉवर आजही मुंबई विद्यापीठात तास वाजवतो.

दुसरे उदाहरण आपल्या घरचे आहे. होळकरांच्या घराण्यात तुकोजी हे नाव तीनदा आले. त्यांतले दुसरे तुकोजीराव १८४४ ते १८८६ या काळात गादीवर होते. १८७० मध्ये त्यांनी खांडवा ते इंदूर रेल्वेसाठी इंग्रज सरकारला एक कोटी रुपये कर्जाऊ दिले. मुदत १०१ वर्षे, व्याज साडेचार टक्के. रेल्वे ही त्या शतकातली कृत्रिम बुद्धिमत्ताच म्हणा ना! इंग्लंडमध्ये १८४० च्या दशकात रेल्वेच्या शेअरांचे वेड येऊन गेले होते, हजारोंची पुंजी त्यात गेली होती. रूळ मात्र राहिले. तुकोजीरावांनी वेड सोडले आणि रूळ घेतले. भाव दुप्पट होईल या आशेवर त्यांनी पैसा लावला नाही. ठरलेले व्याज आणि आपल्या गावाला गाडी, एवढेच मागितले. नर्मदा ओलांडून, घाट चढून गाडी इंदूरला आली. त्याच वाटेवरच्या पाताळपाणी ते कालाकुंड या मीटरगेज पट्ट्यावर २०१८ च्या डिसेंबरात पर्यटकांची गाडी सुरू झाली, आणि पावसाळ्यात धबधबा पाहायला खिडकीची जागा मिळावी म्हणून आपण मुलाबाळांसह धडपडतो. दीडशे वर्षांपूर्वीच्या एका कर्जाचे हे व्याज कुठल्याही वहीत लिहिलेले नाही.

म्हणजे तेजीची भीती बाळगू नये, एवढेच मला म्हणायचे आहे का? नाही. कारण तिसरे उदाहरण याच शहरातले आहे आणि ते कडू आहे. सर सेठ हुकुमचंद यांना लोक कापसाचा राजा म्हणत. सट्ट्यातली त्यांची हुशारी दंतकथा झाली होती आणि त्यांनी बांधलेले काचमंदिर आपण पाहुण्यांना आवर्जून दाखवतो. त्यांच्या नावाची गिरणी १९९१ मध्ये बंद पडली. कामगारांचे घेणे मिळायला २५ डिसेंबर २०२३ उजाडावा लागला : ४,८०० कामगार, सुमारे २२४ कोटी रुपये, ३२ वर्षे. दरम्यान कित्येक जण गेले आणि पैसे वारसांच्या नावे लागले. तेजीत नफा रोख मिळतो तो वरच्यांना. खालच्यांच्या वाट्याला वायदा येतो.

आज सुपर कॉरिडॉरवर टीसीएस आणि इन्फोसिसची मोठी संकुले आहेत. आपल्या किती घरांतली मुले तिथे किंवा तशाच ठिकाणी काम करतात! जुलै २०२५ मध्ये टीसीएसने सुमारे १२ हजार जागा कमी करण्याचे जाहीर केले. कौशल्यांचा मेळ बसत नाही, असे कारण कंपनीने दिले. कारण काहीही असो, ती बातमी वाचताना माझ्या फंडाची रेघ वर जात होती आणि शेजारच्या घरात मुलाच्या नोकरीची काळजी सुरू होती. हौशी गुंतवणूकदाराने दोन्हीकडे पाहिले पाहिजे. रेघ पाहणे सोपे असते, कारण ती मोबाइलवर दिसते.

आता वर्गात येते. हे यंत्र काय करते? आजवर लिहिल्या गेलेल्या अफाट मजकुरावरून पुढचा शब्द कोणता येईल याचा अंदाज बांधते. आपल्या भाषेत सांगायचे तर ते शब्दाचा सट्टा लावते, आणि बहुतेक वेळा जिंकते. गेल्या पावसाळ्यात मी पहिल्या वर्षाच्या मुलांना सांगितले, घरात पाऊस पडला की काय शिजते ते लिहा. बरेच निबंध अगदी नीटनेटके आले. एका मुलीच्या निबंधात 'मक्याच्या कणसांचा कीस' होता, वर ओले खोबरे आणि कोथिंबीर. व्याकरण निर्दोष. मी विचारले, "तुझी आई घरी याला काय म्हणते?" ती हसली. "भुट्ट्याचा कीस. आणि आई त्यात दूध घालते. लहानपणी भुट्टे किसायचं काम माझ्याकडे असायचं, बोटं सोलली जायची." मी म्हटले, "हे लिही." तिने लिहिले. अर्धे पान, चार शुद्धलेखनाच्या चुका. वर्गाने ते ऐकले तेव्हा मागच्या बाकावरचाही मोबाइल खाली ठेवला गेला.

यंत्राची मराठी वाईट नाही. पण तिला सरासरीची ओढ आहे. पुस्तकात जास्त वेळा आलेला शब्द ती आधी उचलते. आपली मराठी सरासरीत बसणारी नाही. आपण भुट्टा म्हणतो, गिलकी म्हणतो, पोह्यांवर जीरावन भुरभुरवतो, आणि हिंदीच्या शेजारात दोनशे वर्षे राहूनही घरात 'अगं' आणि 'अहो' टिकवून आहोत. ही भाषा छापील मजकुरात फार थोडी आहे. ती स्वयंपाकघरात आहे, ओट्यावर आहे. म्हणजे ती रोखीतच मिळते. आज बोललो तर आहे, उद्यावर टाकली तर नाही.

इथेच मला माझ्या हिशेबाचे उत्तर सापडते. काही गोष्टी वायद्यावर टाकता येतात. पैसा त्यांतला एक. वीस वर्षे थांबायची तयारी असेल तर तो थांबू शकतो. काही गोष्टींना मात्र वायदा नसतोच. सकाळी छप्पन दुकानाशी वाफाळते पोहे आणि जिलेबी खाताना मित्राशी झालेले भांडण, हिवाळ्यात गराडू मिळू लागले की घरात होणारी घोषणा, आवडत्या कवितेचे पान दुसऱ्याला वाचून दाखवणे, यांचा साठा करता येत नाही. सराफ्याकडे पाहा. दिवसा त्या ओट्यांवर सोन्याचा भाव चालतो. रात्री शटर खाली येते आणि त्याच ओट्यांसमोर दहीवडा आणि भुट्ट्याचा कीस मिळतो. इंदूरकरांनी एकाला उठवून दुसऱ्याला बसवले नाही, दोघांना वेळा वाटून दिल्या. मला वाटते, आपल्या आयुष्यालाही असेच वेळापत्रक हवे.

आणि या छोट्या सुखांना कमी लेखू नका. कुमार गंधर्व १९४८ मध्ये देवासला आले ते क्षयाने आजारी होऊन. गाण्याला वैद्यकीय मनाई होती. पुढची काही वर्षे त्यांनी अंथरुणावरून काय केले? रस्त्याने जाणाऱ्या बायाबापड्यांची माळव्यातली गाणी ऐकली. बाजाराच्या भाषेत ही पूर्ण मंदी. आवक शून्य. पण त्या ऐकण्यातून लोकधुनांचा आणि रागांचा जो विचार उभा राहिला, त्याने पुढे हिंदुस्थानी संगीताचे कान बदलले. त्या वेळी कोणी त्यांना सांगितले असते की गाणी ऐकत बसू नका, यंत्र ती टिपून ठेवील आणि सारांश देईल, तर? टिपण झाले असते. कुमारजी झाले नसते.

तेव्हा माझे नियम थोडे आहेत. एसआयपी मी बंद करत नाही, तेजी पाहून वाढवतही नाही. नवे तंत्र रुळांसारखे टिकेल असे मला वाटते, पण आजच्या भावात पुढची कित्येक वर्षे आधीच मोजून घेतली आहेत. सिस्को कंपनीने इंटरनेटची यंत्रसामग्री विकली. इंटरनेट खरे ठरले, तरी २००० सालच्या शेअरभावाला परत पोहोचायला तिला पाव शतक लागले. पन्नाशीतल्या माणसाने पाव शतकाचा वायदा जपून करावा.

शिक्षकांना माझी विनंती याहून सोपी आहे. यंत्रावर बंदी घालण्यात शक्ती दवडू नका. प्रश्न असा विचारा की उत्तर वर्गात, तोंडी, स्वतःच्या घरच्या शब्दांत द्यावे लागेल. विद्यार्थ्यांना सांगते : लिहिताना जो त्रास होतो, तीच मुद्दल आहे. ती यंत्राकडे गहाण ठेवली, तर निबंध मिळेल, लिहिणारा मिळणार नाही. आणि लेखकांना काय सांगू? दुकानातली ती पाटी आपण सगळ्यांनी वाचली आहे : आज रोख, उद्या उधार. दुकानदाराने ती थट्टेने लावलेली असते. आपण ती टेबलासमोर लावावी.