भरतीची फीत आणि आपली मुले



शहापूर व मुरबाड या आपल्या दोन्ही तालुक्यांत पहाटे रस्त्याने निघावे, तो सैन्यभरतीसाठी धावणारे तरुण भेटतात. त्यांना पाहून आमचा ऊर भरून येतो. पण धावण्यात पहिला येऊनही फितीपाशी हरलेला आमचा एक विद्यार्थी त्याच वेळी आठवतो.

सैन्यात सामान्य शिपायाच्या पदासाठी महाराष्ट्रातील उमेदवाराची उंची साधारणतः १६८ सेंटिमीटर लागते. छाती ७७ सेंटिमीटर असावी व श्वास भरल्यावर ती आणखी ५ सेंटिमीटर फुगावी, असा दंडक आहे. छातीचे फुगणे व्यायामाने काहीसे सुधारते, वजनही वाढविता येते; उंची मात्र भरतीच्या तोंडावर वाढत नाही. आमचा विद्यार्थी दीड सेंटिमीटरने राहिला.

तो परतल्यावर आम्ही त्याची शाळेतील जुनी आरोग्यनोंद काढून पाहिली. चौथीपासून सलग तीन वर्षे त्याची उंची जेमतेमच वाढली होती. अंक आमच्याच हस्ताक्षरातले! आम्ही रकाने भरले, पण वाचले नाहीत. त्याच्या वडिलांना एका शब्दानेही सांगितले नाही. ही चूक आमची होती.

माप म्हणजे शौर्याची पारख नव्हे. १९१४ साली इंग्लंडात ५ फूट ३ इंचांहून ठेंगण्यांना सैन्यात घेत नसत. पुढे त्यांच्याच स्वतंत्र पलटणी बर्कनहेड येथे उभ्या राहिल्या. आपल्या मुरबाडच्या सिद्धगडावर २ जानेवारी १९४३ रोजी हुतात्मा झालेल्या भाई कोतवाल व हिराजी पाटील यांची छाती कोणी मोजली होती? तथापि नियम तो नियम. त्यासाठी तयारी लवकर हवी.

शरीराचा पाया आईच्या गरोदरपणात व बाळाच्या पहिल्या दोन वर्षांत घातला जातो. म्हणून सुनेच्या ताटात डाळ, अंडे, नाचणी, शेंगदाणे आधी पडावेत. मुलगा असो वा मुलगी, दर सहा महिन्यांनी दाराच्या चौकटीवर उंचीची खूण करावी, वजन टिपून ठेवावे. वाढ थांबलेली दिसताच आरोग्य केंद्र गाठावे. भरतीची फीत सतराव्या-अठराव्या वर्षी लागते. घरची फीत आजच लावावी, एवढीच विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.