यिर्मयाचें पत्र : कांहीं हिब्रू शब्दांचा विचार

इ. स. पूर्वी ५९७ या वर्षीं बाबेलचा राजा नबुखद्नेस्सर यानें यरुशलेम नगर हस्तगत केलें आणि यहूदाचा तरुण राजा यकन्या, राजमाता, दरबारी मंडळी, सुतार, लोहार इत्यादि लोकांस बाबेलला नेलें. नगर व तेथील मंदिर हीं अद्याप उभीं होतीं. त्यांचा विध्वंस होण्यास आणखी सुमारें दहा वर्षें अवकाश होता. यरुशलेमांत मागें राहिलेल्या यिर्मया नांवाच्या संदेष्ट्यानें आपल्या या परागंदा बांधवांस एक पत्र लिहिलें. राजाचे वकील म्हणून बाबेलला जाणाऱ्या एलासा व गमऱ्या या दोघां गृहस्थांनीं तें नेलें. बायबलाच्या जुन्या करारांत, यिर्मयाच्या ग्रंथाच्या २९ व्या अध्यायांत, तें आजहि वाचावयास मिळतें.

पत्राचें कारण असें. हनन्या नांवाच्या दुसऱ्या एका संदेष्ट्यानें दोन वर्षांच्या आंत सर्वजण परत येतील असें यरुशलेमांत जाहीर केलें होतें. बाबेलमध्येंहि लोकांना गोड वाटेल तें सांगणारे निघाले होते. आज ना उद्यां निघावयाचेंच आहे, मग घर कशाला बांधा आणि झाड कशाला लावा, अशी ज्यांची मनःस्थिति, त्यांस यिर्मयानें कळविलें कीं, घरें बांधावीं, बागा लावाव्या, मुलांमुलींचीं लग्नें करावीं. बाबेलचा काळ सत्तर वर्षांचा आहे. सत्तर वर्षें म्हणजे पत्र ऐकणाऱ्या प्रौढ माणसांपैकीं बहुतेकांना जन्मभूमीचें दर्शन पुन्हां घडावयाचें नव्हतें. इतकी कठोर वार्ता देणारें हें पत्र सांत्वनपर कसें ठरलें, याचा उलगडा मूळ हिब्रू शब्द पाहिल्यावांचून नीट होत नाहीं.

पहिला शब्द ‘गोला’. परदेशीं नेलेला लोकसमुदाय, असा त्याचा अर्थ. ज्या अक्षरांवरून तो सिद्ध होतो, त्यांचे दोन अर्थ आहेत : उघडें करणें आणि देशांतून निघून जाणें. हा एकच धातु कीं दोन निराळे, याविषयीं विद्वानांत मतभेद आहे. तो एकच मानणाऱ्यांचें म्हणणें असें कीं, माणसें गेलीं म्हणजे भूमि उघडी पडते. परंतु याहून महत्त्वाची गोष्ट व्याकरणाची आहे. पत्राच्या प्रस्तावनेंत या क्रियापदाचें प्रयोजक रूप येतें आणि त्याचा कर्ता नबुखद्नेस्सर आहे. लोकांना त्यानें घालवून दिलें. प्रत्यक्ष पत्र सुरू होतांच तेंच क्रियापद पुन्हां येतें, पण आतां कर्ता स्वतः परमेश्वर आहे. राजानें नेलें हें खरें. पण तो केवळ निमित्त. जेत्याच्या हातांतून शेवटचा शब्द अशा रीतीनें काढून घेतलेला आहे.

दुसरा शब्द सर्वांच्या परिचयाचा, ‘शालोम’. त्याचें भाषांतर सामान्यतः ‘शांति’ असें करितात. पण तेवढ्यानें भागत नाहीं. याच्या मूळ धातूंत पूर्णता, अभंगता यांचा भाव आहे; देणें फेडून हिशेब पुरा करणें याचें क्रियापदहि त्याच धातूचें. शमुवेलाच्या दुसऱ्या ग्रंथांत दावीद राजा रणांगणावरून आलेल्या उरीयाला युद्धाचें ‘शालोम’ विचारतो. युद्धाची शांति विचारणें हें हास्यास्पद होईल. तेथें अर्थ आहे हालहवाल. मराठींत आपण क्षेमकुशल पुसतों, तें हें ‘शालोम’. यिर्मया लिहितो कीं, ज्या नगरांत तुम्हांस आणून टाकिलें त्या नगराचें क्षेम पाहावें व त्यासाठीं प्रार्थना करावी, कारण त्याच्या क्षेमांतच तुमचें क्षेम आहे. एवढ्याशा वाक्यांत ‘शालोम’ तीन वेळां येतो. स्तोत्रसंहितेंत जें क्षेम यरुशलेमसाठीं मागावयास सांगितलें, तेंच येथें शत्रूच्या राजधानीसाठीं मागावयाचें! ऐकणाऱ्यांच्या मनाला हें किती जड गेलें असेल!

येथें ‘पाहावें’ या अर्थीं ‘दाराश’ हें क्रियापद योजिलें आहे. मन लावून शोध घेणें, पाठपुरावा करणें असा त्याचा भाव आहे. पुढें तेराव्या वचनांत परमेश्वराचा मनःपूर्वक शोध घेण्याविषयीं सांगतांना हेंच क्रियापद येतें. प्रार्थनेचें क्रियापदहि तसेंच दोन्ही ठिकाणीं आहे : एकदां परक्या नगरासाठीं, एकदां स्वतःसाठीं. मंदिर शेंकडों कोस दूर राहिलें, तरी उपासना थांबली नाहीं. शेजाऱ्याच्या हिताची काळजी वाहणें हें तिचेंच अंग झालें.

अकराव्या वचनांत दोन शब्द जोडीनें येतात, ‘अहरीत’ आणि ‘तिकवा’. ‘अहरीत’ म्हणजे शेवट किंवा भविष्यकाळ. पण शब्दाचें मूळ ‘मागें’ या अर्थाचें आहे. हिब्रू माणसाच्या समोर असतो तो भूतकाळ, कारण तो दिसतो. भविष्य पाठीमागें असतें. त्यांचा ‘केदेम’ हा शब्द समोरची बाजू, पूर्व दिशा आणि प्राचीन काळ या तिहींचा वाचक आहे. आपल्या ‘पूर्व’ शब्दांतहि दिशा व गतकाळ एकत्र नांदतात, हें येथें आठवावें. ‘तिकवा’ म्हणजे आशा. परंतु यहोशवाच्या ग्रंथांत यरीहो नगरांतील रहाब खिडकीला तांबडी दोरी बांधते, तिलाहि ‘तिकवा’ असेंच म्हटलें आहे. मराठीतील ‘आशातंतु’ या शब्दाला इतका जवळचा सोबती क्वचितच सांपडेल.

शेवटचा शब्द चौदाव्या वचनांतील ‘शेवूत’. परमेश्वर तो फिरवील, असें तेथें आश्वासन आहे. जुन्या भाषांतरकारांनीं त्याचा अर्थ ‘बंदिवास’ असा घेतला. पण ईयोबाच्या ग्रंथांतहि हाच वाक्प्रचार आहे, आणि ईयोब तर कधींच बंदिवान नव्हता. त्याची गेलेली संपदा व संतति परत आली, एवढेंच. म्हणून पुष्कळ आधुनिक विद्वान ‘गेलेलें वैभव परत देणें’ असा अर्थ करितात.

या पत्राची पार्श्वभूमि काल्पनिक नव्हे. बाबेलच्या उत्खननांत यकन्या राजाला मिळणाऱ्या तेलाच्या शिध्याची नोंद असलेल्या मातीच्या पाट्या सांपडल्या. त्या १९३९ मध्यें प्रसिद्ध झाल्या. ‘आल याहुदू’, म्हणजे यहूदानगर, या बाबेलच्या मुलुखांतील वस्तीशीं संबंधित शंभरांहून अधिक पाट्या २०१४ मध्यें प्रसिद्ध झाल्या. त्यांतील सर्वांत जुनी इ. स. पूर्वी ५७२ ची आहे. जव, खजूर, खंड, कर्ज, साक्षीदार असे रोजच्या व्यवहाराचे कागद ते; आणि त्यांतील माणसांच्या नांवांत मात्र यहूदी परमेश्वराचें नांव गुंफलेलें. घरें बांधलीं गेलीं, बागा लागल्या, आणि नांव विसरलें गेलें नाहीं.

इ. स. पूर्वी ५३९ मध्यें इराणच्या कोरेश राजानें बाबेल जिंकलें. कांहीं यहूदी परतले. पुष्कळ तेथेंच राहिले, आणि पुढें अनेक शतकांनीं त्याच भूमींत त्यांच्या धर्मशास्त्राचा थोर ग्रंथ, बाबेलचा तालमूद, सिद्ध झाला. ज्या ज्या देशीं यहूदी गेले तेथील राज्याच्या कल्याणासाठीं प्रार्थना करण्याची त्यांच्या सभास्थानांतील चाल या पत्राच्या आधारानेंच सांगतात. परत जाण्याची आशा न सोडतां परक्या भूमींत झाड लावणें, ह्या दोन गोष्टी परस्परविरोधी नाहींत, एवढेंच यिर्मयाला कळवावयाचें होतें.